चाल कुणाची, ते आधी बघा: मुलांना संडे स्कूलची गीतं शिकवताना

आमच्या संडे स्कूलच्या, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या शाळेच्या, नाताळच्या कार्यक्रमात बावीस मुलं गायला उभी राहिली आणि पेटीवर वेगळीच चाल सुरू झाली. गव्हाणीतल्या बाळाचं ते पाळणागीत, ‘अवे इन अ मेंजर’, मी महिनाभर एका चालीवर शिकवलं होतं आणि साथ करणाऱ्यांना दुसरी चाल पाठ होती. दोन्ही चालींत तीन-तीन मात्रांचा झोका, दोन्हींत ओळीला अकरा अक्षरं, त्यामुळे शब्द दोन्हीकडे चपखल बसतात. आमच्या पुस्तकात नुसते शब्द छापलेले होते, चाल कुणाची ते नव्हतं. मोठी मुलं पेटीबरोबर जायला बघत होती, लहान मुलं मी शिकवलेलं धरून होती. दुसऱ्या ओळीला सगळी गप्प झाली. सात वर्षांची एक मुलगी माझ्याकडे बघत राहिली, तिचंच काही चुकलंय अशा नजरेनं. ती नजर मला अजून आठवते.

त्या दिवसापासून माझा नियम आहे: गीत निवडलं की आधी चाल कुणाची ते शोधायचं आणि कागदावर गीताच्या नावाखाली ते नाव लिहायचं. तेवीस वर्षं शिकवल्यावर मला खात्रीनं सांगता येईल की शिकवण्याची निम्मी युक्ती चाल बांधणाऱ्यानं चालीतच ठेवलेली असते. तिथे जाऊन ती उचलायची असते.

त्या पाळणागीताचंच बघा. एक चाल जेम्स मरे या अमेरिकन संगीतकाराच्या 1887 सालच्या मुलांच्या गीतसंग्रहातली. दुसरी विल्यम कर्कपॅट्रिकची, 1895 सालची. मरेची चाल वरच्या पंचमावर सुरू होते आणि पायरी पायरीनं उतरत थेट खालच्या पंचमापर्यंत येते: प प म ग, ग रे सा, सा, मग मंद्रातले (खालच्या सप्तकातले) नि ध प. एका ओळीत अख्खं सप्तक उतरायचं. कर्कपॅट्रिकची चाल उलट, खालच्या पंचमावरून षड्जावर येते आणि वर चढते. उतरत्या चालीत लहान मुलांचा सूर हमखास खाली घसरतो, शेवटचा पंचम नुसता श्वास होऊन जातो. म्हणून सहा-सात वर्षांच्या मुलांना मी कर्कपॅट्रिकची चाल देते आणि दहाच्या पुढच्यांना मरेची. मरेची शिकवताना ओळ संपते त्या स्वरापासून सुरुवात करते. आधी खालचा पंचम पक्का गाऊन घ्यायचा, मग त्याच्याकडे उतरायचं. कुठे पोहोचायचंय ते माहीत असलं की मुलं पायऱ्या चुकत नाहीत.

जाता जाता एक सांगते. हे पाळणागीत मार्टिन ल्यूथरनं आपल्या मुलांसाठी लिहिलं असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं आढळतं, मरेच्या संग्रहातही तसंच होतं. पण ल्यूथरच्या लिखाणात ते कुठेही नाही. ते 1880 च्या दशकात अमेरिकेत पुढे आलं आणि लिहिणाऱ्याचं नाव सापडलेलं नाही. मुलांना ही गोष्ट अशीच सांगावी. ‘कुणी लिहिलं ते कुणालाच माहीत नाही’ हे ऐकून मुलं उलट जास्त कान देतात.

चालीचा नकाशा

नवीन गीत हातात घेतलं की मी आधी ते सरगममध्ये लिहून काढते. ज्यांना पाश्चात्त्य नोटेशन वाचता येत नाही त्यांनी बिचकू नये. सा कुठेही धरून बाकीचे स्वर त्याच्या नात्यानं ओळखायचे, ही आपल्या अंगवळणी पडलेली रीत संडे स्कूलच्या इतिहासातही मोठ्या मानाची आहे. इंग्लंडमध्ये 1841 साली हल या शहरात संडे स्कूलच्या शिक्षकांची परिषद भरली होती. तिथे जॉन कर्वेन या तरुण पाळकाला (चर्चच्या धर्मगुरूला) काम दिलं गेलं: मुलांना गायला शिकवण्याची सर्वांत सोपी पद्धत शोधून काढ. नॉरिच गावात सेरा ग्लोव्हर नावाची शिक्षिका दो-रे-मीची अक्षरं वापरून मुलांना शिकवत होती. कर्वेननं तिचीच पद्धत घेतली, सुधारली आणि टॉनिक सोल-फा म्हणून देशोदेशी पोहोचवली. त्यातला ‘दो’ आपल्या षड्जासारखाच सरकता आहे.

नकाशा कसा वाचायचा ते ‘जीझस लव्ह्ज मी’वर दाखवते, कारण हे गीत बहुतेकांच्या कानात असतं. शब्द ॲना वॉर्नर यांचे. 1860 साली आलेल्या एका कादंबरीत संडे स्कूलचा शिक्षक आजारी मुलाला कडेवर घेऊन हे शब्द म्हणतो. दोन वर्षांनी, 1862 मध्ये, विल्यम ब्रॅडबरी यांनी त्यांना चाल लावली आणि स्वतःचं ध्रुवपद जोडलं. आता स्वर बघा:

प ग ग रे ग प प
ध ध सां ध ध प प
प ग ग रे ग प प
ध ध प सा ग रे सा

आणि ध्रुवपद:

प ग प ध सां
प ग सा ग रे
प ग प ध सां
ध प सा ग रे सा

अख्ख्या गीतात मध्यम नाही, निषाद नाही. सा रे ग प ध, म्हणजे आपल्या भूप रागाचेच पाच स्वर. अर्धस्वराची अडचण कुठेच नाही, म्हणून चार वर्षांच्या मुलालाही यात बेसूर व्हायला वेळ लागतो. पुढे बघा: पहिली आणि तिसरी ओळ एकच. ध्रुवपदातही पहिली आणि तिसरी एकच. कडव्याची शेवटची ओळ आणि ध्रुवपदाची शेवटची ओळ यांत फक्त एका धैवताचा फरक. आठ ओळींचं गाणं शिकवायचं म्हणजे खरं तर पाचच ओळी शिकवायच्या.

हे आपोआप झालेलं नाही. ब्रॅडबरी बॉस्टनला लोवेल मेसन यांच्याकडे शिकले होते. बॉस्टनच्या सरकारी शाळांत 1838 साली संगीत हा विषय आला तो मेसन यांच्याच प्रयत्नांनी. आधी कानानं गाणं, नंतर कागदावरची खूण, हा त्यांचा आग्रह. ब्रॅडबरींनी पुढे न्यूयॉर्कमध्ये मुलांसाठी गाण्याचे मोफत वर्ग चालवले. मूल कुठे अडतं हे त्यांनी शेकडो मुलांसमोर उभं राहून पाहिलं होतं आणि ते त्यांच्या चालीत दिसतं.

म्हणून मी हे गीत पहिल्या ओळीपासून सुरू करत नाही. ध्रुवपद आधी. वाचता न येणारी मुलं ध्रुवपदावरच उभी राहतात आणि संडे स्कूलच्या गीतांना ध्रुवपद जोडण्याची प्रथा पडली ती याच गरजेतून, असं मला वाटतं. रॉबर्ट लोरी यांच्या नदीकाठी भेटण्याच्या गीतातही (ब्रुकलिनमध्ये पाळक असताना 1864 साली त्यांनी शब्द आणि चाल दोन्ही केली) कडवं विचारतं आणि ध्रुवपद उत्तर देतं. मोठ्या मुलांना कडवं आणि लहानांना ध्रुवपद दिलं की वर्गाचे दोन गट न भांडता होतात.

सा कुठे धरायचा

छापील पुस्तकातली पट्टी पुष्कळदा मोठ्यांच्या चार आवाजांसाठी असते. मुलांसाठी ती बघूनच घ्यावी. माझा अनुभव असा की सात-आठ वर्षांच्या मुलाचा आवाज पांढरी दोन (पेटीची दुसरी पांढरी पट्टी) ते वरची पांढरी एक एवढ्या टापूत मोकळा असतो, वर एखादा स्वर जास्त चालतो. ब्रॅडबरींच्या चालीला सा ते तार सा एवढंच सप्तक लागतं, म्हणून सा पांढरी दोनवर धरला की झालं. सेसिल फ्रान्सिस अलेक्झांडर यांच्या ‘वन्स इन रॉयल डेव्हिड्स सिटी’ला हेन्री गॉन्टलेट यांनी 1849 साली जी चाल लावली, आयर्बी नावाची, ती मंद्र पंचमावर सुरू होते आणि उत्तरार्धात बरीच वर जाते. ती पुस्तकात बहुधा पांढरी पाचवर असते. लहान वर्गासाठी मी ती पांढरी चारवर घेते, एक पायरी खाली.

पट्टी फार खाली नेण्याचा मोह आवरा. मोठ्यांना खालचा आवाज सोपा वाटतो, म्हणून आपण नकळत मुलांनाही तिकडे ओढतो आणि मग मुलं छातीतून ओरडतात. ‘जोरात म्हणा’ हे वाक्य मी वर्गात बंद केलं आहे. त्याऐवजी ‘पलीकडच्या भिंतीला टेकलेल्या माणसाला सांगा’ असं म्हणते. आवाज पोहोचतो आणि घसा मोकळा राहतो.

एका मुलाबद्दल इथे सांगायलाच हवं. तो माझ्याकडे आला तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि गाताना फक्त ओठ हलवायचा. आधी कुणीतरी त्याला तसंच सांगितलं होतं: तुझा सूर लागत नाही, नुसते ओठ हलव. असं कुठल्याही मुलाला कधीही सांगू नका. मी त्याला एकट्याला बसवलं आणि ‘तुला जो आवाज सहज निघतो तो काढ’ म्हटलं. त्यानं काढला, काळी एकच्या आसपास. मी पेटीवर तोच सा धरला आणि त्याच्या सुरात मी मिसळले. तोवर प्रत्येकानं त्यालाच आपल्या सुरात यायला सांगितलं होतं. आपला सूर दुसऱ्याच्या सुराला भिडला की कानात काय होतं, ते त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

नंतर त्याला मी जोसेफ बार्नबी यांची मेरियल ही चाल दिली, 1868 सालची, ‘दिवस सरला, रात्र जवळ आली’ अशा अर्थाच्या संध्यागीताची. तिची पहिली ओळ जवळजवळ एकाच स्वरावर उभी असते. हालचाल होते ती खालच्या साथीच्या स्वरांत. सूर धरायला शिकणाऱ्या मुलासाठी याहून चांगली चाल मला माहीत नाही. साथ मात्र पूर्ण वाजवा, नुसता वरचा स्वर वाजवलात तर गीत निर्जीव वाटेल. त्या गीताचे शब्द सॅबिन बेअरिंग-गूल्ड यांनी 1865 साली यॉर्कशरमधल्या हॉरबरी ब्रिज इथल्या मुलांसाठी लिहिले. त्याच वर्षी त्याच मुलांच्या मिरवणुकीसाठी त्यांनी घाईघाईनं आणखी एक गीत लिहिलं, ते ख्रिस्ताच्या सैनिकांचं. त्याला आर्थर सलिव्हन यांनी 1871 मध्ये लावलेली चालही एकाच स्वरावर सुरू होते, पाच वेळा पंचम. पण तिथे तो स्वर पाय आपटत चालतो आणि बार्नबींकडे तोच उपाय डोळे मिटायला लावतो. ही दोन गीतं पाठोपाठ गाऊन घ्या आणि फरक काय ते मुलांना विचारा. उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

शब्द मराठीत बसवताना

चाल तीच ठेवून मराठी शब्द लावायचे असतील तर नुसती अक्षरं मोजून भागत नाही. ओळीच्या शेवटी चाल कुठे थांबते ते बघा. ब्रॅडबरींच्या ओळीत सात स्वर, सहा एकेका मात्रेचे आणि सातवा दोन मात्रांचा. तिथे दीर्घ अक्षर पाहिजे. ‘येशूत ठेव मन’ हे मोजून सातात बसतं, पण मुलं गाताना ‘मनाऽऽ’ करणार. ‘प्रभु’ तिथे आला तर ‘प्रभूऽऽ’ होणार. लहान वर्गासाठी मी बांधलेल्या ओळी अशा:

येशू माझा सोबती,
माया त्याची भोवती

सो-ब-ती, भो-व-ती. मधलं अक्षर लघु, शेवटचं दीर्घ, आणि चाल जिथे टेकते तिथेच शब्द टेकतो. आधी शब्द चालीशिवाय ठेक्यात म्हणून बघा. टाळी एका ठिकाणी आणि शब्दाचा जोर दुसऱ्या ठिकाणी पडत असेल तर शब्द बदला, चालीला हात लावू नका.

अर्थाकडेही बघावं लागतं. जगातल्या सगळ्या लेकरांवर येशूची माया आहे, हे गीत हर्बर्ट वूल्स्टन यांनी लिहिलं ते जॉर्ज रूट यांच्या चालीवर. रूट यांनी ती 1864 मध्ये अमेरिकन यादवी युद्धातल्या कैदी सैनिकांच्या गाण्यासाठी बांधली होती. ही गोष्ट मुलांना मी आवर्जून सांगते: कैद्यांची चाल लेकरांकडे आली. पण त्या गीतात मुलांची ओळख कातडीच्या रंगांवरून दिलेली ओळ आहे, ती मी शिकवत नाही. तिथे दूरची, जवळची, थोरली, धाकटी अशी मुलं घालते. अलेक्झांडर यांच्या सृष्टीच्या सुंदर गीतातही श्रीमंत वाड्यात आणि गरीब दाराशी ही देवाचीच व्यवस्था, अशा अर्थाचं एक कडवं आहे. पुष्कळ पुस्तकांनी ते फार पूर्वीच गाळलं आणि योग्यच केलं. एरवी त्यांची गीतं शिकवताना मला फार आनंद होतो. 1848 सालच्या त्यांच्या मुलांच्या संग्रहात त्यांनी विश्वासांगीकाराचं (ख्रिस्ती श्रद्धेच्या कबुलीचं) एकेक वाक्य एकेका गीतात उलगडलं आहे: ‘आकाश व पृथ्वी निर्माण करणारा’ यासाठी सृष्टीचं गीत, जन्माच्या वाक्यासाठी दावीदाच्या नगराचं, वधस्तंभासाठी हिरव्या टेकडीचं. ही तीन गीतं त्या क्रमानं शिकवली की विश्वासांगीकार पाठ करून घ्यावा लागत नाही.

चार रविवार

एका गीताला मी चार रविवार देते, दर वेळी दहा-बारा मिनिटं. पहिल्या रविवारी मुलांनी गायचंच नाही. मी दोनदा गाते, ती मांडीवर ठेका धरतात, आणि मग ध्रुवपद. दुसऱ्या रविवारी ओळीमागून ओळ, मी गाते आणि ती परत करतात, सारख्या ओळी एकत्र. या दिवशी पेटी कमी आणि हाताच्या खुणा जास्त. या खुणा कर्वेन यांच्या पद्धतीतल्याच: षड्जाला मूठ, गंधाराला आडवा पालथा हात, पंचमाला तळवा स्वतःकडे, धैवताला मनगटातून खाली सोडलेला हात. ब्रॅडबरींच्या गीताला ऋषभाच्या तिरक्या हातासकट पाचच खुणा पुरतात.

तिसऱ्या रविवारी चाल लावणाऱ्याची गोष्ट, एका मिनिटात. मुलांना सर्वांत आवडते फ्रेडरिक चॅलिनर यांची. ते लहानपणी वीटभट्टीवर आणि कोळशाच्या खाणीत राबले, पुढे संगीतात डॉक्टर झाले. ‘टेल मी द स्टोरीज ऑफ जीझस’ या गीताचे शब्द विल्यम पार्कर यांनी 1885 साली लिहिले होते, संडे स्कूलची मुलं ‘अजून एक गोष्ट सांगा’ म्हणून मागे लागायची त्यावरून. 1903 साली संडे स्कूल युनियनच्या शताब्दीला त्याच्या चालीसाठी स्पर्धा झाली आणि चॅलिनर यांची चाल निवडली गेली. ती सहाच्या झोक्यात आहे, दादऱ्यासारखी डुलते. गोष्ट ऐकल्यावर मुलं ती वेगळीच गातात, हे मी दर वेळी पाहिलं आहे.

चौथ्या रविवारी पेटी बंद. प्रत्येक मुलानं पहिलं कडवं एकट्यानं म्हणायची तयारी ठेवायची, पण म्हणायला कुणाला सांगायचं ते मी आयत्या वेळी ठरवते. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये 1919 पासून नाताळची उपासना गॉन्टलेट यांच्या त्याच आयर्बी चालीनं सुरू होते. पहिलं कडवं एकच मुलगा साथीशिवाय गातो आणि तो कोण हे अगदी आयत्या वेळी ठरतं. तयारी सगळ्यांची असते, म्हणून घाबरणं वाटलं जातं.

गीत झालं की वहीत नोंद करा, पुढच्या वर्षी किंवा तुमच्या जागी येणाऱ्या शिक्षकाला उपयोगी पडते. माझ्या वहीतली एक अशी आहे: ‘गव्हाणीतलं पाळणागीत. चाल कर्कपॅट्रिक, मरे नव्हे. तीन मात्रा. सा पांढरी चार. साथ करणाऱ्यांना चाल गुणगुणून दाखवली, त्यांनी वाजवून दाखवली. पंधरा दिवस आधी.’